डिस्कवरची ५० जीबी गेली कुठे?

परवा सावेडीत मित्राच्या लिनक्स संगणकावर डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा चालवली. वापरलेली आणि उपलब्ध जागा मिळून १ टीबी होईना! ‘डीएफ’ हे आकडे ‘स्टॅटएफएस’ या सिस्टिम कॉलने कर्नलकडून घेते. त्यात मोकळी जागा दोनदा येते: एक एकूण, दुसरी साध्या वापरकर्त्याला मिळणारी. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम एरवी ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकासाठी, राखून ठेवते, म्हणजे १ टीबीमागे सुमारे ५० जीबी. फरक तोच.

जागेचे आकडे असे सिस्टिम कॉलने मिळतात; माउंटची, म्हणजे जोडलेल्या फाइल सिस्टिम्सची, यादी मात्र वर्षानुवर्षं कर्नलच्या ‘प्रॉक’मधली फाइल वाचूनच मिळायची. मार्च २०२४च्या लिनक्स ६.८मध्ये ‘लिस्टमाउंट’ आणि ‘स्टॅटमाउंट’ हे सिस्टिम कॉल आले. पहिला माउंटचे क्रमांक देतो, दुसरा एकेकाची माहिती. हजारो माउंट असलेल्या सर्व्हरवर एकासाठी अख्खी फाइल चाळावी लागत नाही. मला ही सोय फार मोलाची वाटते.