साका बाहेरून दिसत नाही

रत्नागिरीत हापूसची पेटी उघडली की आपण फळ हातात घेतो, रंग बघतो, देठाशी वास घेतो. तरीही साका, म्हणजे आतला खराब गर, निघायचा तो निघतोच, कारण फळ कापल्याशिवाय तो कळत नाही. तंत्रज्ञान कंपन्यांची सायबर जोखीम मोजणाऱ्यांची अडचण हीच आहे.

बिटसाइट ही कंपनी इतर कंपन्यांना २५० ते ९०० या पट्टीवर गुण देते, तर सिक्युरिटीस्कोअरकार्ड ए ते एफ अशी श्रेणी. ही तपासणी मुख्यतः बाहेरून होते: सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जुनं आहे का, नको ते पोर्ट उघडे आहेत का, पासवर्ड फुटलेत का. ती उपयोगाची आहे. पण आतल्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, बॅकअपमधून काम पुन्हा उभं राहतं का, हे तिला दिसत नाही. नुसत्या त्रुटी मोजणंही फसवं. लाखभर संगणकांत शंभर त्रुटी सापडल्या आणि पन्नास संगणकांत दहा, तर मला काळजी दुसऱ्या कंपनीची वाटेल.

जोखीम म्हणजे हल्ल्याची शक्यता गुणिले होणारं नुकसान. आपण पहिल्या आकड्यात अडकतो. दुसरा किती मोठा असू शकतो, हे जुलै २०२४ मध्ये दिसलं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांच्या सी-एज या संयुक्त कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ती सहकारी आणि ग्रामीण बँकांची संगणक यंत्रणा चालवते. ३१ जुलैला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर शिरले ते सी-एजशी जोडलेल्या ब्रॉन्टू या तिसऱ्याच कंपनीच्या, मांडणी चुकलेल्या एका सर्व्हरमधून. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. तोडण्याचा निर्णय त्रासाचा होता, पण माझ्या मते योग्यच. आग लागलेलं घर आधी वस्तीपासून वेगळं करावंच लागतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे खात्यांची मूळ यंत्रणा फोडलीच नव्हती. एटीएम आणि बँक यांच्यामध्ये परवानगी देणारा जो स्विच असतो, त्याच्या जागी हल्लेखोरांनी आपला बनावट स्विच उभा केला. पैसे मागणारेही तेच, ‘द्या’ म्हणणारेही तेच. कमजोरी पुन्हा सांध्यातच होती.

सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला देणं २०२२ पासून बंधनकारक आहे. पण ती खबर लोकांसमोर येईलच असं नाही. म्हणून ‘आमच्यावर कधीच हल्ला झाला नाही’ या दाव्यावर तुलना उभी करू नये; हल्ला कळलाच नसेल, अशीही शक्यता असते.

आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगावी आहेत. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभासदांनो, लाभांशाबरोबर हेही विचारा: आपली यंत्रणा कोणती कंपनी चालवते, तिच्या पुरवठादारांची तपासणी कोणी केली, आणि बॅकअपवरून सगळं काम पुन्हा सुरू करून शेवटचं कधी पाहिलं? उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या.