लांबची वाट, थोडा वेळ

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचीं मुलें-सुना आज कॅलिफोर्नियांत नांदत आहेत, आणि त्यांच्याकडे निघालेल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: विमानांत किती तास बसावें लागेल? अंतर कळलें म्हणजे वेळ कळला, असा आपणां सर्वांचा आगगाडीच्या दिवसांपासूनचा समज आहे. दिल्ली व सॅन फ्रॅन्सिस्को येथील विमानतळांनीं तो खोटा ठरविला आहे.

घरांत पृथ्वीचा गोल असल्यास या दोन शहरांमध्यें दोरा ताणून पाहावा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतें कीं, वाट युरोपावरून सरळ पश्चिमेस जात असेल. दोरा मात्र उत्तरेस निघतो, आणि सैबेरिया व आर्क्टिक समुद्र ओलांडून अलास्कावरून खालीं उतरतो. हें सर्वांत जवळचें अंतर सुमारें 12,400 किलोमीटर. पण ही वाट आरंभींच हिमालय आणि तिबेटचें पठार यांवरून जाते. विमानांतील हवेचा दाब अकस्मात् गेला, तर वैमानिकास त्वरित तीन हजार मीटरांच्या आसपास खालीं यावें लागतें. जेथें जमीनच त्याहून उंच, तेथें यावयाचें कोठें?

म्हणून डिसेंबर 2015 मध्यें एअर इंडियानें ही थेट सेवा सुरू केली ती अटलांटिक महासागरावरून. तें अंतर सुमारें 13,900 किलोमीटर होतें. ऑक्टोबर 2016 मध्यें तिनें पूर्वेची, पॅसिफिकवरची वाट धरली. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालें आणि प्रवास सुमारें दोन तासांनीं घटून साडेचौदा तासांवर आला!

ही किमया वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद प्रवाह अखंड वाहत असतो. त्याचा वेग तासाला दीडशें किलोमीटरांहूनहि अधिक असूं शकतो. विमान पश्चिमेस निघालें तर हा वारा छातीवर घ्यावा लागतो, पूर्वेस निघालें तर तोच पाठीशीं उभा राहतो. जपानांतील वासाबुरो ओइशी यांनीं 1920 नंतरच्या दशकांत फुगे सोडून हा प्रवाह मोजला होता. पण त्यांनीं आपला अहवाल एस्पेरांतो भाषेंत छापला, आणि जगानें त्याकडे पाहिलेंहि नाहीं! दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं बाँबफेकी विमानें जपानवर याच वाऱ्यांत सांपडलीं, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले.

परततांनाहि विमान पूर्वेसच निघे व अटलांटिकवरून दिल्लीस येई. म्हणजे एका जाण्यायेण्यांत प्रवाशाची अवघ्या पृथ्वीस प्रदक्षिणा घडे. आणि तीहि तिकिटाच्या त्याच पैशांत. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांस मात्र प्रदक्षिणेपेक्षां वांचलेल्या दोन तासांचेंच मोल अधिक. इतका वेळ एका जागीं बसल्यानें पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अधूनमधून उठून चार पावलें चालावें.

घड्याळाची गंमत निराळीच. हिवाळ्यांत सॅन फ्रॅन्सिस्कोचें घड्याळ आपल्यामागें साडेतेरा तास असतें. साडेचौदा तासांच्या त्या प्रवासांतून तेव्हां उतरणाऱ्यास तीच तारीख भेटे, आणि तेथील घड्याळाप्रमाणें दिल्ली सोडून अवघा एक तास झालेला असे.