सायकलस्वाराचा दम कुठे असतो?

रोज तीन-चार किलोमीटर सायकलने शाळेत येणारा मुलगा सुट्टीत चाळीस किलोमीटरच्या सहलीला निघतो, तोही सकाळी नुसता चहा पिऊन. सुरुवातीला तो सर्वांच्या पुढे असतो. मग पाय जड होतात, साधा चढही नकोसा वाटतो, गरगरते. ‘तुझ्यात दमच नाही,’ असे सोबती म्हणतात. हा दम नेमका असतो तरी कुठे?

१९६६ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या शास्त्रज्ञांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. पुरते थकल्यावर दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे बारीक तुकडे सुईने काढून तपासले. काम केलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते. स्वस्थ पायात ते शिल्लक होते. पुढचे तीन दिवस त्यांनी पिष्टमय आहार घेतला. तेव्हा काम केलेल्या पायातील साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला! रक्त तेच, अन्न तेच. फरक फक्त कामाचा.

ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे रेणू जोडून केलेला साठा. प्रौढ माणसाच्या स्नायूंत व यकृतात मिळून तो साधारण अर्धा किलो असतो. जोराने सायकल चालवली तर दीड-दोन तासांत तो संपत येतो. यकृतातील साठा तर रात्रीच्या उपवासातच बराच कमी होतो. मेदाचा साठा कितीतरी मोठा. पण मेदापासून ऊर्जा सावकाश मिळते. त्यासाठी प्राणवायू आणि पेशींतील तंतुकणिका लागतात.

या तंतुकणिका वाढवता येतात का? १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे नियमित पळवले. त्यांच्या पायांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसातही सरावाने तंतुकणिका व केशवाहिन्या वाढतात. मग त्याच वेगाला मेद अधिक वापरला जातो आणि ग्लायकोजेन पुरून उरते.

म्हणून लांबच्या सहलीची तयारी सहा-आठ आठवडे आधी सुरू करावी. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. आठवड्यातून एकदा अंतर थोडे वाढवावे आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी. स्नायूंची भर विश्रांतीतच पडते. निघण्यापूर्वी पोहे किंवा पोळी खावी. तासाभरानंतर केळे, गूळ-शेंगदाणे असे थोडेथोडे खात, पाणी पीत राहावे.

हे वर्गालाही पडताळून पाहता येईल. सपाट रस्त्यावरचे दोन किलोमीटर मुलांनी दर आठवड्याला बरोबर तेवढ्याच वेळात पार करावेत. थांबताच पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणावे आणि आलेख काढावा. नियमित सराव करणाऱ्यांची रेषा हळूहळू खाली येताना दिसेल. दम जन्मतः कमी-अधिक असेलही, पण तो वाढतो, हे मुलांना स्वतःच्याच आकड्यांतून कळेल.