सुखात्मे सरांचे मोजमाप

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमधून जावे लागते. खळीत बुडवलेला ताणा वाफेने तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांवरून फिरत वाळतो. आत वाफेचे पाणी होते. ते वेळेवर बाहेर निघाले नाही, तर पाण्याचा थर उष्णता अडवतो, सूत ओलसर राहते आणि बॉयलरचे इंधन वाया जाते. वाफ द्रवताना उष्णता किती आणि कशी वाहते, हा इथला रोजचा प्रश्न. प्रा. सुहास सुखात्मे यांचे संशोधन सुरू झाले ते याच जातीच्या प्रश्नापासून.

बनारसहून पदवी घेऊन ते एमआयटीला गेले. 1964 साली पूर्ण झालेले त्यांचे तिथले काम धातूची वाफ द्रवते तेव्हाच्या उष्णतेच्या वहनावर होते. मग परतून पवईच्या आयआयटीत अध्यापन, 1983 साली भटनागर पुरस्कार, सौरऊर्जेवरचे पाठ्यपुस्तक आणि 1995 पासून संचालकपद.

मला त्यांचे मोठेपण दिसते ते विषय बदलूनही मोजमाप न सोडण्यात. आयआयटीची मुले परदेशी जातात, यावर चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत सगळे बोलत होते. सुखात्मे आणि इंदिरा महादेवन यांनी 1973 ते 1977 मधल्या मुंबई आयआयटीच्या पदवीधरांचा माग काढला. सुमारे 31 टक्के परदेशी स्थायिक झाल्याचे निघाले. एकूण अभियंत्यांत हेच प्रमाण सुमारे 7 टक्के होते. म्हणजे चिंता खरी होती, पण ‘सगळेच जातात’ हे खोटे होते. उष्णतेच्या अभ्यासकाने शिक्षणाच्या वादाला दिलेली ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

2011 साली त्यांनी देशाच्या विजेचा हिशेब मांडला. 2070 च्या सुमारास लोकसंख्या 170 कोटींवर स्थिरावेल आणि माणशी वर्षाला 2000 युनिट लागतील, असे धरले. कारखाने-मागांसकट दिवसाला साडेपाच युनिट, म्हणजे काटकसरच. एकूण गरज 3400 अब्ज युनिटांची. नूतनीकरणक्षम स्रोतांतून मात्र 1229 अब्जच मिळतील, असा निष्कर्ष निघाला. पुढे नवी माहिती हाती आली, तेव्हा 2012 साली त्यांनी स्वतःच फेरआढावा छापला आणि तो आकडा वर नेला. नाव झालेल्या माणसाने वर्षभरात आपलाच निष्कर्ष जाहीरपणे बदलणे आपल्याकडे विरळाच.

मोजमापाची हीच शिस्त रुजावी म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प विकत आणलेल्या नमुन्यांवर उरकू नका. मुलांना भिवंडीच्या एखाद्या सायझिंगमध्ये पाठवा. बॉयलरमध्ये किती इंधन गेले, वाफ कुठे गळते, किती गरम पाणी गटारात जाते, हे त्यांनी मोजावे आणि आलेले आकडे मालकाच्या हाती द्यावेत.