शब्द कळतो का, हे आधी विचारा!

जयंती जवळ आली की वस्तीत वर्गणीबरोबर एक प्रश्न हमखास फिरतो : यंदा साऊंड किती वॅटचा? शब्द किती जणांना कळणार, हे मात्र कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच आहे, हे आम्हाला एका घरगुती ॲम्प्लिफायरने शिकविले.

२००० सालची गोष्ट. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आम्ही कायदा शिकत होतो. विहारासाठी दरवेळी भाड्याचा साऊंड परवडत नव्हता. तेव्हा आयटीआय झालेल्या मित्राला घेऊन ॲम्प्लिफायर स्वतःच बनविला. एलए ४४४० ही आयसी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसी तापू नये म्हणून ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पत्र्याचा डबा. या आयसीची ताकद दोन्ही चॅनलला सहा-सहा वॅट, दोन्ही जोडले तर सुमारे १९.

चालू केला तर गाणे कमी आणि घूंऽऽ असा आवाजच जास्त! शोधता दोष सापडले. टेपकडून येणारी वायर साधी होती आणि ग्राउंड ठिकठिकाणी जोडलेले होते. शिल्डेड वायर घातली, सगळे ग्राउंड एकाच बिंदूवर आणले, ट्रान्सफॉर्मर दूर सरकविला. घुरघुर बसली.

आता निवाडा. पोरे बास चढवून ज्याला त्याला विचारू लागली, "मस्त वाजतंय ना?" सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला असा सूचक प्रश्न विचारता येत नाही, कारण उत्तर प्रश्नातच असते. कानाचेही तसेच आहे. शिवाय जो आवाज थोडा मोठा, तोच कानाला चांगला वाटतो. म्हणून आम्ही भाड्याचे मशीन आणि आमचा डबा दोन्ही चादरीआड ठेवले. स्पीकर एकच, कॅसेट एकच, मल्टीमीटर लावून आवाजही जुळविला. मागच्या रांगेतल्या बायांना 'कोणता चांगला?' असे विचारलेच नाही. विचारले, "काय ऐकू आलं?"

एक आजी म्हणाली, "टिका म्हनतोय बाबा."

कॅसेटमधला वक्ता 'शिका' म्हणत होता!

दोन्ही मशीनवर तेच. श, स, च या अक्षरांची धार साधारण २००० हर्ट्झच्या वर असते. फुगविलेला बास ती गिळून टाकतो. बास उतरविला, स्पीकर माणसांच्या डोक्यांवरून जाईल इतका उंच केला, तेव्हा आजीला 'शिका' ऐकू आले. आमचा डबा जिंकला नाही. दोन्ही सारखेच निघाले. फरक मशीनचा नव्हता, वाजविणाऱ्याचा होता.

मग वॅटच्या शर्यतीत मिळते काय? वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट वॅट लागतात. म्हणजे वर्गणी दहापट!

कायदाही पाहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सरकार सवलत देते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती, तीही मध्यरात्रीपर्यंतच. हे नियम सर्वांनाच आहेत. इतर मिरवणुकांना ते लावले जातात का, हा प्रश्न जरूर विचारू. पण गुन्हा दाखल झाला की नोकरीच्या पडताळणीत तो आपल्याच पोराला आडवा येतो, हे आम्ही वकील म्हणून पाहतो.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचविला तो जलशांनी, शाहिरांनी, वामनदादा कर्डकांसारख्या गायकांनी. ते सारे शब्दाच्या बळावर उभे होते. आजही वाचता न येणारी आजी वस्तीत शेवटच्या रांगेत बसलेली असते. तिच्यासाठी तो आवाज हेच पुस्तक आहे.

यंदा साऊंडची सुपारी देण्याआधी तिला बोलवा, चादर टाका आणि विचारा, "आजी, काय ऐकू आलं?" निकाल तिचाच माना.