बिनतारी दुव्याची आखणी

तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाची शाखा आहे. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने ती आसपासच्या गावांतील नेत्रकेंद्रांशी बिनतारी दुव्यांनी जोडण्यात आली. खेड्यातील रुग्ण गावच्याच केंद्रात बसून, पडद्यावर दिसणाऱ्या डॉक्टरांशी बोलू लागला. शहराची खेप आणि दिवसाची मजुरी बुडण्याची पाळी अनेकांवर येईनाशी झाली.

मध्ये तार नाही, खांबांची रांग नाही. दोन टोकांना दोन मनोरे आणि त्यांवर दोन अँटेना. हे ऐकून कोणालाही वाटेल की, तबकड्या समोरासमोर टांगल्या की काम झाले. असे दुवे फसतात ते बहुधा याच समजुतीमुळे, असे आम्हांस वाटते.

अशा कामी पुष्कळदा ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर. इतक्या आखूड लहरी टेकडीला वळसा घालून पलीकडे फारशा पोहोचत नाहीत. म्हणून एका टोकावरून दुसरे टोक दिसते काय, हे प्रथम गच्चीवर चढून पाहावे लागते. परंतु नुसते दिसणे पुरत नाही. लहर दोऱ्यासारखी सरळ रेघेत जात नाही; तिचा मार्ग विटीसारखा, टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असतो. या फुगवट्यास फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याच्या नावावरून फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. अंतर १० किलोमीटर असेल, तर मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ७ मीटर, मोकळा हवा. पृथ्वीच्या गोलाईचा दीड मीटर त्यात मिळवावा. आता वाटेत मध्यावर १२ मीटर उंचीची झाडे असली, तर सपाट मुलखात दोन्ही अँटेना साडेवीस मीटरांवर न्याव्या लागतील. शिवाय झाडे वाढतात. उन्हाळ्यात निष्पर्ण सागांमधून आरपार दिसलेली वाट श्रावणातील ओली पाने बुजवून टाकतात. पाहणी करताना याचा विसर पडू नये.

दुसरा हिशेब शक्तीचा. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते. विजेरीतील आरसा जसा उजेड एका दिशेला एकवटतो, तशी तबकडी लहरी एकवटते व ही तूट भरून काढते. तरीही संसारात अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला ठेवतो, तशी शिल्लक येथेही हवी. गरजेच्या शंभरपट, म्हणजे २० डेसिबल असली तर उत्तम. शक्तीला कायद्याची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवावे. २०१८ साली भारतात या पट्ट्यातील लहरी, ठरावीक शक्तीच्या आत, परवान्यावाचून वापरण्यास मोकळ्या झाल्या. साहजिकच शेजारीही त्याच वापरतात. म्हणून कोणती वाहिनी शांत आहे हे आधी ऐकून मगच निवड करावी.

प्रत्यक्ष उभारणीत दोन्ही टोकांना माणसे लागतात. एकाने अँटेना हळूहळू आडवी, मग उभी फिरवावी, दुसऱ्याने आकडा सांगावा. पहिल्या चढावर थांबू नये. तबकडीच्या मुख्य झोतालगत लहान झोत असतात आणि ते फसवतात. शिखर ओलांडून पुढे जावे, मग मागे येऊन सर्वांत मोठ्या आकड्यावर बोल्ट आवळावे. सांध्यांत पाणी शिरणार नाही असे वेष्टण हवे, विजेपासून रक्षणासाठी चांगले भूसंधान हवे, आणि मनोऱ्यावर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा हवाच.

एवढे केल्यावरही काम संपत नाही. ग्रामीण भागांतील अशा जाळ्यांवर काम करताना बर्कलेच्या संशोधकांना आढळले की, लहरींपेक्षा विजेनेच अधिक छळले. दाबाच्या चढउतारांनी यंत्रे बिघडत, आणि बिघाड ओळखणारा माणूस गावात नसे. तेव्हा खर्चाचा अंदाज करताना बॅटरी, दाबनियंत्रक आणि गावातल्याच दोघातिघांचे शिक्षण या बाबी प्रथम लिहाव्यात. दुवा बंद पडला त्या दिवशी केंद्राच्या बाकावर कोणीतरी डॉक्टरांची वाट पाहत बसलेले असते.