प्रतिजैविकांची मैत्री आणि वैर

जामखेड हा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी क्षय व कुष्ठ यांचे रोगी ओळखणे आणि त्यांचे औषध मध्येच तुटू न देणे ही कामे त्या करू लागल्या.

क्षयरोग्याला तीन-चार औषधे एकदम, तीही कित्येक महिने घ्यावी लागतात. खोकला थांबला, भूक लागू लागली की रोगी विचारतो, "एवढ्या गोळ्या कशाला? यातली एखादी सोडली तर काय बिघडेल?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे गणितात आणि थोडे रसायनशास्त्रात आहे.

आधी गणित पाहू. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक. ते एकटेच दिले तर अनेक रोग्यांतील जंतू त्याला दाद देईनासे होतात, असे ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. याचे कारण असे की जंतूंच्या मोठ्या संख्येत काही जंतू मुळातच निराळे निपजतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, तर रिफॅम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. म्हणजे एकच औषध दिले तर निराळे जंतू वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पण दोन्ही औषधांना एकदम पुरून उरणारा जंतू किती दुर्मिळ? दोन्ही संख्यांचा गुणाकार करा. एकावर चौदा शून्ये!

शिवाय ही औषधे जंतूवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात. आयसोनियाझिड जंतूच्या मेणचट कवचाची बांधणी रोखते, तर रिफॅम्पिसिन आर. एन. ए. तयार करणारे विकर बंद पाडते.

मात्र कोणतीही दोन प्रतिजैविके एकत्र केली की ताकद वाढते, असे नाही. पेनिसिलिन जंतूची भित्ती नीट बांधू देत नाही, म्हणून त्याचा मारा वाढत्या जंतूवरच चालतो. टेट्रासायक्लिन जंतूची वाढच थांबवते. वाढ थांबली की पेनिसिलिनला काम उरत नाही. पेनिसिलिन व जेंटामायसिन यांची गोष्ट आणखी गमतीची आहे. हृदयाच्या झडपांना होणाऱ्या काही जंतुसंसर्गांत पेनिसिलिन भित्ती कमकुवत करते आणि जेंटामायसिनला आत शिरायला वाट मिळते. शरीरात अशी मैत्री! पण हीच दोन औषधे सलाइनच्या एकाच बाटलीत मिसळली, तर पेनिसिलिनचे चौकोनी वलय उघडून जेंटामायसिनच्या अमिनो गटाला चिकटते आणि जेंटामायसिन निकामी होऊ लागते. म्हणून ती वेगवेगळी टोचावी लागतात.

आता पुन्हा क्षयाच्या गोळ्यांकडे वळू. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन हे एरवीचे सोबती. पण जठरातील आम्लात त्यांचेही थोडे बिनसते. आम्लामुळे काही रिफॅम्पिसिन फुटते. फुटलेल्या तुकड्यावरील आल्डिहाइड गटाशी आयसोनियाझिडचा संयोग होऊन हायड्रॅझोन नावाचे संयुग बनते. तुकडा असा गुंतून पडल्याने फुटण्याची क्रिया आणखी वेगाने पुढे सरकते. यात नुकसान होते ते मुख्यतः रिफॅम्पिसिनचे. म्हणूनच दोन्ही औषधे एका गोळीत घालताना रिफॅम्पिसिन रक्तात पुरेसे उतरते की नाही, हे तपासावे लागते. अन्नामुळेही ते कमी शोषले जाते, म्हणून गोळ्या शक्यतो उपाशीपोटी घेण्यास सांगतात.

विद्यार्थी मित्रहो, कोणती औषधे, किती आणि केव्हा एकत्र द्यायची हे डॉक्टर ठरवतात, ते या सगळ्याचा हिशेब करून. रोग्याने मनाने एक गोळी वगळली, की चौदा शून्यांतली कितीतरी शून्ये पुसली जातात आणि निराळ्या जंतूला रान मोकळे मिळते. मग तो जंतू घरातल्या इतरांकडेही जातो आणि त्यांच्यावर नेहमीची औषधे चालत नाहीत. घरात, शेजारी कोणाचे असे औषध चालू असेल, तर सगळ्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतल्या जातात ना, एवढे आपण आवर्जून विचारावे.